बेट सावंगी की पेठ सावंगी

सावंगी कुठं आहे असं कोणी विचारलं, की मी उलट विचारतो, "कोणती?" आमच्या जालना जिल्ह्यात या नावाची गावं आहेत, शेजारच्या जिल्ह्यांत आणखी आहेत. गोदावरीच्या पात्रात एक बेट होतं, त्याचं नावही सावंगी. आणि यांतल्या कुठल्याही सावंगीतून उठून दुसरीकडं गेलेला माणूस सावंगीकर. मग तो मराठा असो, वाणी असो, बौद्ध असो. आमच्या मशिदीत पहिल्या रांगेत बसणारे एक म्हातारे गृहस्थही सावंगीकरच आहेत.

मी शेख नजीर. जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. कोणती कचेरी ते लिहीत नाही, कारण पुढं एक चूक सांगायची आहे. ती माझी आहे, कचेरीची नाही.

या खोलीला सरकारी भाषेत अभिलेख कक्ष म्हणतात. निजामाच्या राज्यात आपल्याकडं सरकारी कागद उर्दूत लिहिले जात. जमिनी, वतनं, गावकामगारांच्या याद्या, सगळं. हे कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणतो. लोक आजोबा-पणजोबांचं नाव शोधत येतात. मी रुमाल सोडायचा, नाव शोधायचं, नक्कल काढायची, तिच्याखाली मराठी भाषांतर लिहायचं आणि सही करायची. बाहेरून बघणाऱ्याला हे धूळ झटकायचं काम वाटतं. पण त्या एका सहीवर कुणाचं शिक्षण, कुणाची नोकरी, कुणाची जमीन उभी असते.

घरात उर्दू होती, म्हणून मला हे काम मिळालं. पण घरची उर्दू वेगळी आणि कारकुनांची वेगळी. ते इतक्या घाईत लिहीत, की अर्धी अक्षरं एकमेकांत घुसलेली आणि टिंबं हवी तिथं टाकलेली किंवा गाळलेली. माझे वरिष्ठ मोईनसाहेब म्हणायचे, "नजीर, पहले लफ्ज मत पढ. पहले लिखनेवाले का हाथ पढ." सहा महिने त्यांनी मला एकही भाषांतर करू दिलं नाही, नुसतं वाचायला लावलं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. जालन्याच्या मस्तगडावरचे एक व्यापारी आले होते, आडनाव सावंगीकर. त्यांना घराण्याचा इतिहास छापायचा होता. आमचे पूर्वज सावंगीचे मोठे वतनदार होते, तेवढा कागद काढून द्या म्हणाले. मी तीन दिवस शोधलं. निघालं असं, की त्यांचे पणजोबा ज्या सावंगीचे, तिथं ते दुसऱ्याच्या दुकानात माप घालायला होते. कागद बघून व्यापाऱ्यांनी तो उलटा करून ठेवला. मग पुढं वाकून हळूच म्हणाले, "शेखसाहेब, दुसऱ्या एखाद्या सावंगीत बघा ना. एवढ्या सावंग्या आहेत."

मी हसलो, तेही हसले. जाताना म्हणाले, "माप मात्र बरोबर घालत असतील हो." पुस्तकाचं पुढं काय झालं, मला माहीत नाही.

असली गंमत वर्षातून एकदा. बाकी दिवस घाईचे. दाखल्यांच्या हंगामात खिडकीबाहेर रांग लागायची आणि मी एकटा उर्दू वाचणारा. त्याच घाईतल्या एका दिवसाची ही गोष्ट आहे. मला मात्र ती निवृत्तीनंतर कळली.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. एका सकाळी दारात एक बाई आणि तिची मुलगी उभी. बाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या, सुमनबाई सावंगीकर. मुलगी प्रज्ञा. तिला जनावरांच्या डॉक्टरकीला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. जातीचा दाखला होता, पण त्याची पडताळणी व्हायची होती. पडताळणी समितीनं हरकत काढली होती. तीन आठवड्यांत उत्तर दिलं नाही तर जागा जाणार होती.

"चाचा, ही सही तुमचीच हाय ना?" प्रज्ञानं कागद पुढं केला.

सही माझीच होती. तिच्या वडिलांनी दहा-बारा वर्षांपूर्वी काढलेली नक्कल. ते आता हयात नव्हते. तिच्या पणजोबांचं नाव गावकामगारांच्या यादीत होतं, कोंडिबा वल्द सटवा, म्हणजे सटवाचा मुलगा कोंडिबा. जात स्पष्ट लिहिलेली. आणि राहण्याच्या ठिकाणापुढं मी मराठीत लिहिलं होतं, 'पेठ सावंगी'.

"समिती म्हणते, पेठ सावंगी नदीच्या पलीकडं हाय, बीड जिल्ह्यात," प्रज्ञा म्हणाली. "पणजोबा तिथले असतील तर दाखला बी तिकडूनच काढायला पाहिजे व्हता. आमचा इकडचा. म्हणून तो रद्द करून राह्यले."

सुमनबाई म्हणाल्या, "आमचं कुनीच पलीकडं न्हाई, चाचा. माझा सासरा अलीकडच्या सावंगीतच वारला. त्यो सांगायचा, आपन बेटावरचे."

बेट हा शब्द ऐकला आणि मी चष्मा चढवला. मूळ कागदाची झेरॉक्स सोबत होती. ती मी खिडकीपाशी नेली.

वाचकांना समजावं म्हणून सांगतो. उर्दूत ब आणि प यांचा आकार एकच असतो. खाली एक टिंब असलं तर ब, तीन असली तर प. त्यापुढं 'ए'चा उच्चार दाखवणारं जे अक्षर येतं, त्याखाली दोन टिंबं असतात. म्हणजे 'बेट' लिहिताना एक आणि दोन अशी तीन टिंबं शेजारीशेजारी येतात. घाईतला कारकून ती तिन्ही एकाच जागी ठोकून देतो. वाचणारा घाईत असला तर त्याला तीन टिंबांचा प दिसतो. ट आणि ठ यांतला फरक तर ते लोक पाळतच नसत. मी पेठ वाचलं होतं, कारण पेठ सावंगी नावाचं गाव मला माहीत होतं. बेटाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. लिहिणाऱ्याचा हात मी वाचलाच नव्हता.

"बेटी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी येतो तुमच्याबरोबर."

मला वाटलं होतं, सही करणारा माणूस स्वतः जाऊन चूक कबूल करतोय, म्हणजे काम झालंच. समितीच्या अध्यक्ष मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टिंबांचा हिशेबसुद्धा. मग चष्मा काढून म्हणाल्या, "शेखसाहेब, नोकरीत असताना तुम्ही पेठ लिहिलंत. आता निवृत्त झाल्यावर, या मुलीसोबत येऊन, बेट म्हणताय. आम्ही कोणत्या शेखसाहेबांवर विश्वास ठेवायचा?"

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

"दुसरा कागद आणा," त्या म्हणाल्या. "तुमच्या वाचनावर अवलंबून नसलेला. मुदत आहे अजून."

बाहेर आल्यावर सुमनबाई पायरीवर बसल्या. "जाऊ द्या, चाचा. तुमी आलात तेच लई झालं."

प्रज्ञा उभीच होती. म्हणाली, "आई, ऊठ. अजून सोळा दिवस हायेत." मग माझ्याकडं वळून, "चाचा, ते बेट पाहिलेलं कुनी जिवंत आसंल का?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. माझी सगळी नोकरी कागदात गेली, त्यामुळं जिवंत माणसाला विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही नदीकाठच्या सावंगीत गेलो. तिथं गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, नव्वदीच्या आसपासची. दिसत कमी होतं, पण आवाज खणखणीत. प्रज्ञानं तिच्या पायाला हात लावून ओळख सांगितली.

"कोंडिबाची पनती? त्याला तर म्या पायलाय," म्हातारी म्हणाली. "बेटावर आमची धा-बारा घरं व्हती. म्या आठ वर्साची आसंल, तवा पानी आल्तं. चार दिस आमी देवळाच्या ओट्यावर. मंग नाव आली. अर्धी मानसं हिकडं उतरली, अर्धी पल्याड गेली. पल्याडचे बाजारापाशी ऱ्हायले, त्यांची पेठ सावंगी झाली. आमी ही सावंगी केली. नाव कुनीच सोडलं न्हाई."

"कोंडिबा कुठं उतरला?" मी विचारलं.

"हितंच की. माझ्या बापाच्या शेजारी त्यानं कूड घातला."

मी खूष झालो, पण तोंडी सांगणं समिती मानणार नाही हेही कळत होतं. निघताना सहज विचारलं, "आजी, तेव्हा सरकारचं कुणी आलं होतं का?"

"आल्ता ना. एक मुन्शी, उंच टोपीचा. नावेत बसूनच लिवत व्हता. कोन कोन हाय, लेकरं किती, शेरडं किती. माझं नाव बी लिवलं त्यानं. म्या त्याला म्हनलं, माझ्या कोंबडीचं लिव. त्यो हसला, पर लिवलं न्हाई."

यादी झाली होती. म्हणजे कुठं तरी ती असणार.

दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या खोलीत जाऊन बसलो. माझ्या जागी आता वैशालीताई होत्या, तिशीतल्या, कामाला चोख. मी बाहेरचा माणूस, म्हणून त्यांनी आधी तहसीलदारांची परवानगी घेतली आणि रुमालाला मी एकट्यानं हात लावायचा नाही असं बजावलं. मला ते आवडलं. आम्ही सावंगी नावाचा एकेक रुमाल सोडला. एकाही सावंगीत पुराची यादी नव्हती. मग नदीकाठच्या बाकीच्या गावांचे रुमाल. त्यांतही नाही. नऊ दिवस गेले. घरी बायको माझे धुळीनं लाल झालेले डोळे बघायची. "अब तो रिटायर हो गए जी, औरों को करने दो," म्हणायची आणि डब्यात एक भाकरी जास्त ठेवायची.

प्रज्ञा रोज यायची. तिला उर्दू येत नव्हती, पण तिनं ब, प आणि ट ओळखायला शिकून घेतलं. पान उलटताना ती आधी टिंबं मोजायची.

दहाव्या दिवशी आम्ही हात टेकायच्या बेताला आलो होतो. वैशालीताई संगणकावरची रुमालांची यादी खाली खाली सरकवत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "चाचा, तुम्ही जुने म्हणून विचारते. हे एक गाव मला कुठंच सापडून न्हाई राह्यलं. नकाशात न्हाई, जनगणनेत न्हाई. याद्या भरताना कुणी तरी रुमालावरचं नाव जसंच्या तसं टाकलंय. गावाचं नाव, तुग्यानी."

मी खुर्चीवरून उठलोच. "ताई, ते गाव नाही. तुग्यानी म्हणजे पूर!"

हैदराबादेकडच्या कागदांत पुराला तुग्यानी म्हणत. तो रुमाल माझ्या सगळ्या नोकरीत वरच्या फळीवर होता. मी त्याच्याखालून रोज गेलो होतो. कोणी त्याची नक्कल मागितली नाही, म्हणून मी तो कधी सोडला नाही.

कापड इतकं जीर्ण होतं, की गाठ सुटेना. वैशालीताईंनी ब्लेडनं दोरा कापला. आत वेगवेगळ्या पुरांचे कागद होते. सातवं की आठवं पान मी उलटलं आणि वरच्या ओळीवरच थांबलो. तो मुन्शी बाहेरगावचा असणार. त्याला आपला बेट हा शब्द माहीत नव्हता किंवा आवडला नसावा. त्यानं पानाच्या माथ्यावर, ठसठशीत अक्षरांत, उर्दूतला बेटासाठीचा शब्द लिहिला होता. जझीरा-ए-सावंगी. सावंगीचं बेट. हा शब्द पेठ म्हणून कोणालाही वाचता आला नसता.

खाली घरं. चौथ्या ओळीत, कोंडिबा वल्द सटवा. माणसं पाच, शेळ्या दोन. आणि शेवटच्या रकान्यात, कुठं उतरवलं ते. उत्तर किनारा, तालुका अंबड, म्हणजे अलीकडचाच काठ.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वैशालीताईंनी टेबलावर हात आपटला. प्रज्ञा मात्र त्या ओळीवर बोट न लावता, वरूनच फिरवत राहिली. मग म्हणाली, "शेळ्या पण लिवल्यात!" आणि रडायला लागली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं.

या वेळी भाषांतर मी केलं नाही. जालन्यातल्या एका उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांकडून करून घेतलं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'सावंगी बेट'. मुदतीच्या दोन दिवस आधी आम्ही समितीसमोर उभे राहिलो. अध्यक्ष मॅडमनी मूळ कागद मागवून पाहिला, मुख्याध्यापकांना फोनवर दोन प्रश्न विचारले. मग मला म्हणाल्या, "तुमच्या जुन्या भाषांतराचं काय करायचं?"

"ते चुकीचं आहे. तसं लिहून देतो, माझ्या सहीनं," मी म्हणालो.

लिहून दिलं. अक्षर नीट काढलं. प्रज्ञाला प्रमाणपत्र मिळालं, जागा राहिली. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे.

इथं थांबलो असतो तर माझी बाजू बरी दिसली असती. पण परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. गावकामगारांच्या यादीत कोंडिबाचं नाव ज्या पानावर होतं, त्या पानावर आणखीही नावं होती. त्यांची नक्कल मी कोणाकोणाला दिली होती?

वैशालीताईंनी नकलांची जुनी वही काढून दिली. त्या पानावरून मी चार घरांना नक्कल दिली होती, चौघांनाही पेठ सावंगी लिहून. एक प्रज्ञाचं. एकांनी ती कुठं वापरलीच नव्हती. एक कुटुंब पुण्याला गेलेलं, त्यांना मी पत्र टाकलं, दुरुस्तीचा कागद पाठवला. चौथा सुभाष सावंगीकर. त्याचं नाव वाचलं आणि चेहरा डोळ्यांसमोर आला.

तो खिडकीशी आला होता, बऱ्याच वर्षांपूर्वी. पोलीस भरतीत निवड झाली होती, पडताळणीत अडकला होता. कागद पुढं करून म्हणाला होता, "साहेब, हे पेठ बराबर हाय का? एकदा बघता का?" मागं रांग होती. मी रुमाल सोडला नाही. म्हणालो, "मी लिहिलंय ना? बरोबरच असणार." तो कागद घडी करून गेला.

सुभाष आता अंकुशनगरला राहतो, ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतो. मी गेलो तेव्हा दुपारी ट्रॅक्टरखाली आडवा होऊन काही तरी आवळत होता. मला त्यानं ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, खिडकी सांगितली. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टिंबं, बेट, तुग्यानी, आणि त्या दिवशी मी रुमाल सोडला नव्हता हेही. माफी मागितली.

त्यानं पाना खाली ठेवला. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी मी बराबर व्हतो."

"हो. तू बरोबर होतास."

"बाप मरेपर्यंत म्हनत व्हता, पोरा, तुझ्याच कागदात कायतरी खोट आसंल." तो दुसरीकडं बघायला लागला. "वय तर गेलं आता. भरतीचं."

"गेलं," मी म्हणालो. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. घरात आवाज दिला. एक मुलगी बाहेर आली, आठ-नऊ वर्षांची, हातात पेन्सिल. तिच्या मागून त्याची बायको.

"ही माझी पोरगी," सुभाष म्हणाला. "हिचा दाखला अजून काढला न्हाई. काढायची हिंमतच झाली न्हाई. तुमी आलाच हात, तर हिचा करून द्या. पर या बारीला रुमाल सोडून."

"सोडला आहे," मी म्हणालो, आणि पिशवीतून तुग्यानीच्या पानाची नक्कल काढली. त्याच्या आजोबांचं घर सहाव्या ओळीत होतं. त्याची बायको घरातून पाट घेऊन आली. मी तिथंच अंगणात बसलो आणि अर्जाचा कागद मांडीवर घेऊन मुलीला तिचं पूर्ण नाव विचारलं.